शाळाकमिटी व पालक : ठाणें-कल्याण प्रांतांतील एक दुर्लक्षित दप्तर

बालकांस शिक्षणाचा हक्क देणारा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, आणि त्याच्या एकविसाव्या कलमान्वयें सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदान घेणाऱ्या शाळांस व्यवस्थापन समिती नेमणें प्राप्त झालें. समितींत निदान तीन-चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप किंवा पालक असावे, एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या, आणि वंचित व दुर्बल वर्गांच्या पालकांस प्रमाणशीर जागा मिळाव्या, असें तें कलम सांगतें. ठाणें व कल्याण-डोंबिवली येथील महानगरपालिकांच्या शाळांतून ह्या समित्या आज भरत असतात. त्यांविषयीं जीं भाषणें आमच्या कानांवर आलीं त्यांत दोन मतें विशेष आढळलीं. पहिलें असें कीं, पालकास शाळेच्या कारभारांत बसविण्याची कल्पना ह्या देशांत अगदीं नवी आहे. दुसरें असें कीं, पूर्वीं गांवची शाळा गांवाचीच होती, इंग्रजांनीं ती हिरावून घेतली, व आतां ती गांवास परत मिळाली. पहिलें मत अज्ञानाचें आहे. दुसरें अभिमानाचें आहे, व म्हणून अधिक चिवट आहे. जुन्या कागदांपुढें दोन्हीं टिकत नाहींत, हें दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे; व त्याच ओघांत, ज्या कागदांवरून हें दाखवावयाचें ते कागद कसे नाहींसे होत आहेत हें संग्राहकांच्या नजरेस आणावयाचें आहे.

प्रथम दुसरें मत घेऊं. ठाणें व साष्टी १७७४ च्या अखेरीस इंग्रजांच्या हातीं गेलीं. कल्याण प्रांत १८१७-१८ च्या उलथापालथीपर्यंत पेशव्यांकडे राहिला. म्हणजे खाडीच्या ह्या दोन तीरांवर जवळजवळ दोन पिढ्या राज्यें दोन होतीं, परंतु शाळा एकाच प्रकारची होती. ती पंतोजीची शाळा. देवळाची ओसरी, एखाद्या सावकाराचा सोपा किंवा पंतोजीचेंच घर, हीच तिची इमारत. धूळपाटी, मोडीचे कित्ते, पावकी-निमकी व औटकी हाच तिचा अभ्यासक्रम. मुंबई सरकारच्या कौन्सिलाचा सभासद प्रेंडरगास्ट ह्यानें १८२१ सालच्या आपल्या मिनिटांत लिहिलें कीं, लहान-मोठें असें गांव क्वचितच असेल जेथें एखादी शाळा नाहीं. व पंतोजीचें वेतन बापाच्या ऐपतीप्रमाणें धान्याच्या मुठीपासून महिन्यास रुपयापर्यंत असे. हें वाक्य आमच्याकडील व्याख्यात्यांस फार आवडतें. परंतु एल्फिन्स्टन साहेबाच्या १८२३ च्या मिनिटानंतर कलेक्टरांकडून जी माहिती मागविण्यांत आली, तीवरून १८२९ सालीं तयार झालेला आंकडा निराळाच आहे : इलाख्यांत १,७०५ शाळा, ३५,१४३ विद्यार्थी, आणि लोकसंख्या ४६,८१,७३५. म्हणजे शाळेमागें वीस-एकवीस मुलें, व सुमारें एकशें तेहतीस माणसांत एक विद्यार्थी. रामचंद्र विठ्ठल परुळेकर ह्यांनीं हीं दप्तरें १९४५ सालीं छापून प्रसिद्ध केलीं, व ते आंकडे खऱ्याहून कमी आहेत असें पुष्कळ पुराव्यानें प्रतिपादिलें. परुळेकरांचा तर्क आम्हांस बहुतांशीं मान्य आहे. घरच्या घरीं शिकणारीं मुलें कलेक्टराच्या कारकुनानें मोजलीं नसतील, हें उघड आहे. तरी आंकडा दुप्पट धरला काय किंवा तिप्पट धरला काय, गांवोगांव सर्वांच्या मुलांची शाळा होती असें त्यांतून निघत नाहीं.

आणि ह्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. शाळा गांवांत होती हें खरें, पण ती गांवाची होती काय? बारा बलुतेदारांत जोशी आहे, गुरव आहे, सुतार-लोहार आहेत, पंतोजी नाहीं. गांवकीनें ज्याचें बलुतें खळ्यावर बांधून दिलें तो गांवाचा माणूस. पंतोजीचें खळ्यावर मागणें नव्हतें. त्यास मुलाच्या बापाकडून महिन्याकांठीं पैसे, अमावास्या-पौर्णिमेस सिधा, मूल शाळेंत घालतांना नारळ आणि सणावारीं कांहीं चिरगूट, एवढेंच मिळे. म्हणजे व्यवहार पंतोजी व एकेक बाप ह्यांच्यामधला होता. त्यांत गोतसभा नव्हती, पाटील नव्हता. बाप नाखुष झाला तर मूल काढून नेई, आणि पांच-सात बाप नाखुष झाले तर पंतोजी धूळपाट्या गुंडाळून दुसऱ्या गांवीं जाई. ही सत्ता लहान नव्हे. आजच्या कोणत्याही समितीस ती नाहीं. परंतु ती ज्याच्या पदरीं रुपया किंवा निदान मूठभर दाणे होते त्याचीच होती, व ज्याच्या मुलास ओसरीवर पायच ठेवतां येत नव्हता त्याची तर मुळींच नव्हती. मुलींचा प्रश्न तेथें उद्भवलाच नाहीं.

येथें शब्दाविषयीं थोडेंसें विषयांतर करतों. पालक हा शब्द रक्षणार्थक धातूचा आहे, आणि यास्कानें पिता ह्या शब्दाची फोडही रक्षण व पालन ह्या अर्थींच केलेली आहे. कालिदासानें मात्र दिलीप राजाचें वर्णन करतांना, प्रजेस शिस्त लावणारा, रक्षणारा व पोसणारा तोच खरा बाप असून घरचे बाप केवळ जन्मास कारण, असें म्हणून ठेवलें आहे. आमच्या शिक्षणखात्याच्या इतिहासाकडे पाहिलें म्हणजे दीडशें वर्षें सरकारनें स्वतःस दिलीप समजून घेतलें असावें असें वाटतें.

इंग्रजी अमलांत शाळेवर 'मंडळी' बसविण्याची चाल प्रथम वरच्या पायरीवर आली. १८२२ सालीं मुंबईंत निघालेली शाळापुस्तक मंडळी, तिचीच पुढें झालेली नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी, व १८४० सालीं सरकारनें स्थापलेलें बोर्ड ऑफ एज्युकेशन, ही ती परंपरा. बोर्डाच्या तिघां एतद्देशीय सभासदांपैकीं जगन्नाथ शंकरशेट हे आमच्याच जिल्ह्यांतले. जन्म मुरबाड येथें, १० फेब्रुवारी १८०३ रोजीं. कल्याणाहून मुरबाड फार लांब नाहीं, तरी कल्याणकर मंडळींस हें सांगावें लागतें, ही खेदाची गोष्ट होय. अध्यक्ष अर्स्किन पेरी ह्याचा कल इंग्रजी भाषेकडे. नानांनीं १८४७ च्या वादांत देशभाषेचा पक्ष धरला, व फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा व कर्नल जर्व्हिस हे त्यांच्या बाजूस राहिले. शाळेचा उपयोग कोणाच्या मुलांस व्हावयाचा हा प्रश्न त्या वादाच्या तळाशीं होता. मुरबाडच्या कुणब्याचें मूल इंग्रजींतून अंकगणित शिकणार नव्हतें, हें बोर्डावर बसलेल्या ज्या थोड्या माणसांस ठाऊक होतें त्यांत नाना एक होते. तथापि नाना तेथें बसले ते सरकारनें मानलेले थोर नागरिक म्हणून. मुलाचा बाप म्हणून नव्हे.

बापास कागदावर स्थान मिळालें तें पैशाच्या निमित्तानें. अठराशें पन्नासाच्या पुढें मुंबई इलाख्यांत अर्ध्या खर्चाची पद्धत निघाली : मास्तराचा अर्धा पगार सरकारनें द्यावा, उरलेला अर्धा व शाळेची जागा गांवकऱ्यांनीं पुरवावी. कागदावर ही योजना फार सुंदर दिसते. प्रत्यक्षांत पहिल्या वर्षीं उत्साहानें वर्गणी जमे, दुसऱ्या वर्षीं ती थके, आणि तिसऱ्या वर्षीं शाळा सुरू ठेवण्यासाठीं मामलेदाराच्या शिपायानें वर्गणी गोळा करावी अशी पाळी येई. मग ती वर्गणी कसली आणि पट्टी कसली! हा भेदच मिटविण्यासाठीं की काय, १८६३ पासून सरकारनें सरळ पट्टी बसविण्यास आरंभ केला व १८६९ च्या लोकल फंडाच्या कायद्यानें ती पक्की केली. जमिनीच्या महसुलाच्या रुपयामागें एक आणा. त्यांतील एक-तृतीयांश शाळांस, बाकी रस्त्यांस व इतर कामांस. आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयामागें शाळेस चार पै. पंधरा रुपये साऱ्याचा खातेदार वर्षास पंधरा आणे फंड भरी, व त्यांतले पांच आणे शाळेचे. मूल शाळेंत जावो वा न जावो, पांच आणे द्यावयाचेच. पंतोजीच्या काळीं ज्याचें मूल त्याचा पैसा असा हिशेब होता. आतां ज्याची जमीन त्याचा पैसा असा झाला.

ह्याच लोकल फंडी शाळांबरोबर गांवोगांव शाळाकमिट्या आल्या. पाटील हा त्यांचा बहुधा अध्यक्ष, आणि गांवचे तीन-चार प्रतिष्ठित सभासद. काम असें : अधूनमधून शाळेंत जावें, हजेरी तपासावी, मास्तर वेळेवर येतो कीं नाहीं पाहावें, छप्पर गळत असेल तर वर कळवावें, व आळशी बापांस समज देऊन मुलें शाळेंत पाठवावीं. मास्तर नेमणें, काढणें किंवा फंडाचा पैसा खर्चणें हें त्यांच्या हातीं नव्हतें. तें डेप्युटी इन्स्पेक्टराच्या व वरिष्ठांच्या हातीं होतें. म्हणजे १८६०-७० च्या सुमारास पालकसमिती होती, व अधिकार नव्हते. वर ज्या पहिल्या मताचा उल्लेख केला त्याचें उत्तर एवढ्यानें होतें.

परंतु अधिकार नव्हते म्हणून सत्ता नव्हती असें मात्र समजूं नये. ज्या गांवांत पाटील व चार प्रतिष्ठित लोक शाळेच्या दारांत उभे राहिले, त्या गांवांत महाराचें मूल आंत आलें नाहीं. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेशासाठीं केलेला अर्ज सरकारनें नाकारला. १८५८ सालीं असें ठरलें कीं, केवळ सरकारच्या खर्चानें चालणाऱ्या शाळा सर्वांस मोकळ्या असाव्या. १८८२ च्या हंटर कमिशननें तेंच तत्त्व पुन्हां मांडलें, पण सांभाळून. कायदा आंत येऊं देई व गांव ओटीवर बसवी. पुढें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदेमंडळानें रावबहादुर सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस मोकळे केले. तेव्हां सत्तर वर्षांपूर्वींचा प्रश्न तेथेंच उभा होता. शाळाकमिटीच्या वह्यांत ह्याविषयीं काय लिहिलें गेलें, काय लिहावयाचें टाळलें गेलें, कोणत्या बापानें कमिटीकडे अर्ज केला व त्याचें काय झालें, हें सर्व वरच्या दप्तरांत सांपडत नाहीं. तें गांवच्या वहींतच सांपडावयाचें.

ह्या संदर्भांत जोतीराव फुले ह्यांनीं ऑक्टोबर १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें ठेवलेलें निवेदन पुन्हां वाचण्यासारखें आहे. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षें वयापर्यंत सक्तीचें करावें, मुलांस मोडी व बाळबोध दोन्हीं लिहितां-वाचतां यावीं, हिशेबाबरोबर शेतीचें व आरोग्याचें प्राथमिक ज्ञान द्यावें, अशी त्यांची मागणी होती. तिचा उल्लेख पुष्कळ लेखकांनीं केला आहे. त्यांनींच आणखी एक गोष्ट सांगितली, तिचा उल्लेख सहसा होत नाहीं. शाळांच्या पैशाचा कारभार पाटील, इनामदार, सरदार अशांच्या हातीं देऊं नये, त्यांस तो समजून करतां येणार नाहीं. देखरेख शिक्षणखात्याकडेच असावी, असा त्यांचा अभिप्राय होता. शेतकऱ्यांच्या फंडावर शाळा चालतात आणि लाभ इतरांस होतो, अशी ज्यांची जन्मभर तक्रार, तेच स्थानिक मंडळीपेक्षां सरकारी खात्यावर अधिक विश्वास टाकतात! ह्यांत विसंगति आहे असें वरवर पाहणारास वाटेल; आम्हांस वाटत नाहीं. स्थानिक म्हणजे कोण, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें.

शहरांची कथा थोडी निराळी आहे. कल्याणची नगरपालिका १८५५ ची व ठाण्याची १८६३ ची. त्याच सुमारास आगगाडी आली : ठाण्यापर्यंत १६ एप्रिल १८५३, कल्याणपर्यंत १ मे १८५४. रोख पगार मिळविणारा कारकून हा नवा बाप तिनें निर्माण केला, व त्याला मोडी कित्त्यापेक्षां इंग्रजी इयत्तेची घाई अधिक होती. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ चें, ठाण्याचें 'अरुणोदय' पत्र १८६६ चें, आणि विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींनीं स्थापलेलें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें, हीं ह्याच वर्गाचीं अपत्यें होत. हा वर्ग शाळेविषयीं पुष्कळ बोले. पण त्याच्या मुलांच्या मराठी शाळांचा खर्च बरींच वर्षें खेड्यांतल्या चार पैंवर चालत होता, व हंटर कमिशनच्या चौकशींत ह्या अन्यायाची चर्चा झालेली आहे. १८८४ च्या लोकल बोर्डांच्या व म्युनिसिपालिट्यांच्या कायद्यांनंतर शहरांतील शाळा नगरपालिकांच्या गळ्यांत आल्या.

त्यापुढील क्रम थोडक्यांत सांगतों, कारण तो छापील कायद्यांतून कोणासही वाचतां येईल. १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल ह्यांच्या कायद्यानें नगरपालिकांस सक्तीचें शिक्षण सुरू करण्याची मुभा मिळाली. १९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें, डॉ. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिक्षणमंत्री असतांना, शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूलबोर्डांकडे आल्या. १९३८ सालीं तपासणी सरकारनें पुन्हां आपल्याकडे घेतली, १९४७ च्या कायद्यानें बोर्डांची घडी नव्यानें बसविली, १९६२ त जिल्हा परिषदा आल्यावर खेड्यांतील शाळा त्यांच्याकडे गेल्या, आणि महानगरपालिकांचीं शिक्षणमंडळें तेवढीं अलीकडच्या काळापर्यंत राहिलीं. आतां तींही गेलीं आहेत. स्कूलबोर्ड हें नांव विलायतेचें. तेथें १८७० च्या कायद्यानें करदात्यांनीं निवडलेलीं बोर्डें निघालीं, त्यांच्या निवडणुकींत स्त्रियांस मत होतें व उभेंही राहतां येई. लंडनच्या पहिल्याच बोर्डावर एलिझाबेथ गॅरेट व एमिली डेव्हीज ह्या दोघी निवडून आल्या. १९०२ सालीं विलायतेनें तीं बोर्डें मोडलीं. आम्हीं एकवीस वर्षांनीं तें नांव उचललें, आणि करदात्याचें मत तेवढें बाजूस ठेवलें : आमच्या बोर्डांचे सभासद स्थानिक संस्थेचे निवडून आलेले सभासद नेमीत. अल्पसंख्य व मागासलेल्या वर्गांच्या प्रतिनिधींची तरतूद झाली, ही सुधारणा खरी. परंतु मुलाचा बाप, बाप ह्या नात्यानें, १९२३ पासून पुढें जवळजवळ नव्वद वर्षें कोठेंही नाहीं. आई तर त्यापूर्वींही नव्हती.

म्हणून २००९ च्या कायद्यांत नवें काय हें नेमकें सांगावयाचें तर तें एवढेंच : निवड पालकांमधून, संख्येंत त्यांचें प्राबल्य, व निम्म्या स्त्रिया. आम्ही नोकरीच्या अखेरच्या वर्षांत अशा एका समितींत शिक्षकांच्या बाजूनें बसलों होतों. शाळा कोणती हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. सभेचें इतिवृत्त सभेच्या आधींच लिहून तयार असे. सभासद येत, चहा घेत, सह्या करीत व जात. घरकाम करणाऱ्या एक बाई सभासद होत्या. त्यांस लिहितां येत नव्हतें. एका सभेस वही त्यांच्यापुढें सरकविली व शाईचा ठसा उघडला, तेव्हां त्यांनीं हात मागें घेतला, आणि म्हणाल्या, "गुरुजी, आधीं वाचून दाखवा. काय लिहिलंय तें कळूं द्या, मग अंगठा देतें." आम्हांसच वाचावें लागलें. मुलींच्या स्वच्छतागृहाचें काम पूर्ण झाल्याबद्दल समाधान व्यक्त करण्यांत आलें, असें एक वाक्य त्यांत होतें. बाई म्हणाल्या, "दाराला कडी कुठं आहे? माझी पोरगी दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीं." तें वाक्य खोडलें गेलें, व शेजारीं कडी बसविण्याचा ठराव लिहिला गेला. खोडलेली ओळ व नवी ओळ दोन्हीं वाचतां येतात, आणि खालीं अंगठा आहे. ऐतिहासिक साधन म्हणून त्या पानाची योग्यता एखाद्या सनदेहून कमी नाहीं, असें आमचें मत आहे. मात्र तेव्हां आम्हीं त्याची नक्कल करून ठेविली नाहीं.

आतां मुख्य मुद्द्यास येतों. शाळेच्या दप्तरांत आजमितीस एकाच पुस्तकास मान आहे, तें म्हणजे जनरल रजिस्टर. जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हावयाची तर अनुसूचित जातिजमातींस १९५० पूर्वींचा व इतर मागासवर्गांस १९६७ पूर्वींचा पुरावा फार मोलाचा ठरतो, आणि तो पणजोबाच्या शाळाप्रवेशाच्या नोंदींत असतो. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे समिति नेमली गेली तेव्हां शाळांचीं जुनीं रजिस्टरें बाहेर आलीं, व मोडी वाचणारांस एकाएकीं बोलावणीं येऊं लागलीं. ज्या लिपीस आम्हीं शाळेंतून घालविली तीच शाळेचे कागद वाचण्यास हवी झाली. तें असो. रजिस्टर वांचलें, पण त्याच कपाटांतील कमिटीची इतिवृत्तांची वही, साहेबांचें शेरेबुक, फीमाफीचे अर्ज, गळक्या छपराविषयींचा पत्रव्यवहार, ह्यांचा कोणास उपयोग नाहीं, म्हणून तीं रद्दींत जातात. कल्याण तालुक्यांतील एका जुन्या शाळेची इमारत पाडावयाची होती, तेव्हां तेथील कागदांविषयीं आम्हांस निरोप आला. आम्ही दुसऱ्या दिवशीं सकाळीं पोहोंचलों. रजिस्टरें लोखंडी पेटींत कुलुपांत होतीं. बाकीचा गठ्ठा आदल्या सायंकाळीं किलोच्या भावानें गेला होता. रद्दीवाल्याकडे गेलों तों तेथूनही तो पुढें रवाना झाला होता. मागें राहिलेल्या एका रिकाम्या पुठ्ठ्यावर मोडींत 'कमिटी' एवढाच शब्द होता.

जुन्या पोथ्या जमविणाऱ्या गृहस्थांस शाळेच्या वहींत रस वाटत नाहीं, हें आम्ही जाणतों. आम्हांसही चाळीस वर्षें वाटला नाहीं. आम्ही ज्या वर्गांत शिकवीत होतों त्याच खोलीच्या कपाटांत तें दप्तर होतें, आणि त्या कपाटावर आम्ही खडूचे खोके ठेवीत असूं. ठाणें, कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर ह्या तालुक्यांतून ज्यांच्या घरीं पूर्वज पाटील किंवा कमिटीचे सभासद होते, त्यांच्या रुमालांत अशा वह्यांचीं पानें, नोटिसा किंवा डेप्युटींचीं पत्रें निघण्याचा संभव आहे. अशी वही सांपडल्यास तिचें पहिलें व शेवटचें पान, पुठ्ठ्याच्या आंतील बाजूवरील टांचणें, आणि ज्या पानांवर खाडाखोड किंवा अंगठे असतील तीं पानें प्रथम टिपून घ्यावीं. मूळ वही घरधन्यापाशींच राहूं द्यावी, पण ती कोणत्या पेटींत आहे हें त्याच्या मुलांस सांगून ठेवावें.